वॉर्डाच्या दाराबाहेरची आई

मूल इस्पितळात असले की आईने त्याच्या उशाशी बसायचे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु ज्या इंग्लंडकडून आपण इस्पितळाची शिस्त घेतली, तेथे पाऊणशे वर्षांपूर्वीपर्यंत आईला वॉर्डाच्या दाराशीच थांबवीत असत. ते दार कसे उघडले, याची हकीकत भगिनींनी जाणून घेण्याजोगी आहे.

आई आली की रोगजंतू येतात, ही एक भीती. आणि ती परत निघाली की मूल आकांत करते, ही दुसरी तक्रार. म्हणून भेटीला आठवड्यातून तास-दोन तास मिळत. १९४९ साली लंडनच्या एका नामांकित इस्पितळात तर पहिला महिनाभर भेटच नसे. संध्याकाळी मूल निजल्यावर आईबापांनी त्याला पाहून जावे, एवढीच मुभा! काही दिवसांनी मूल रडायचे थांबे. परिचारिका म्हणत, "रुळले हो!" पण तेच मूल घरी आल्यावर आईकडे पाठ फिरवी, रात्री दचकून उठे. आपलेच काही चुकले, असे वाटून आई मनात कुढत राही.

न्यूकॅसलचे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी मात्र १९२०च्या दशकातच आजारी बालकांबरोबर मातांनाही दाखल करून घेण्यास आरंभ केला. आपल्या हातांनी शुश्रूषा करून मूल बरे केले, या जाणिवेने आईला केवढा धीर येतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे १९४८ पासून जेम्स रॉबर्टसन यांनी डॉ. जॉन बोल्बी यांच्या समवेत अशा मुलांचे निरीक्षण केले. परिचारिका ज्याला 'रुळणे' म्हणत, ती वस्तुतः निराशा होती. १९५२ साली त्यांनी इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखविला, तेव्हा अनेक डॉक्टर व परिचारिका संतापल्या. अखेर १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीची बंधने काढावीत व लहान मुलांच्या मातांना सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली.

शिफारस झाली, पण पुष्कळ वॉर्डांची दारे बंदच राहिली. तेव्हा १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील काही माता एकत्र आल्या व त्यांनी संस्था काढली. आपल्या मंडळासारखीच सुरुवात! १९६५ पर्यंत ती देशव्यापी झाली, आणि हळूहळू दारे उघडली.

तथापि हा लढा मुख्यतः मुलाच्या मनासाठी लढला गेला. आईच्या मनाची विचारपूस त्यानंतर सुरू झाली. मुलाच्या गंभीर आजारात आईला लागलेली धास्ती, निद्रानाश व अपराधी भावना मूल बरे होऊन घरी आल्यावरही पुष्कळदा टिकून राहते, हे आज डॉक्टर जाणतात. त्यावर उपचारही आहेत.

आपल्याकडे आई वॉर्डात असते, हे खरे. पण खाटेजवळ चटई टाकून बसलेल्या त्या माउलीला "तू जेवलीस का? डोळा लागला का?" असे कोण विचारतो? सारेजण विचारतात ते एकच, "बाळ कसे आहे?" मंडळाच्या भगिनींनी डबा न्यावा, दोन तास बाळाजवळ बसून तिला निजू द्यावे, आणि बाळाच्या आजारपणाचा दोष तिचा नाही, हे तिला निक्षून सांगावे. मूल घरी आल्यावरही तिचे मन थाऱ्यावर येईना, तर तिला डॉक्टरांकडे नेण्यात संकोच कसला? दार उघडले आहे. आत बसलेल्या आईकडे पाहणे आपल्या हाती आहे.