गाजलेली पॉप गाणी, १९९८ (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

मध्य रेल्वेच्या ठाणे ते कल्याण पट्ट्यात १९९८ साली गाजलेल्या, मुख्यतः चित्रपटाबाहेरच्या गाण्यांची ही नोंद. या गाण्यांचे क्रमांक कुठल्याही अधिकृत यादीत सापडणार नाहीत, हे आधीच सांगायला हवे. ब्रिटनमध्ये एकेक गाणे ‘सिंगल’ म्हणून दुकानात विकले जाई आणि आठवड्याच्या विक्रीवरून पहिला क्रमांक ठरे. त्या वर्षी तिथे शेर या गायिकेचे ‘बिलीव्ह’ सर्वाधिक खपले. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड हॉट १००’मध्येही डिसेंबर १९९८ पर्यंत सिंगल बाजारात आल्याशिवाय गाण्याला जागा मिळत नसे. आपल्याकडे सुटे गाणे विकत मिळतच नव्हते. एका गाण्यासाठी अख्खी कॅसेट घ्यावी लागे.

मराठीत सिंगल कधीच नव्हती, असे मात्र नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीवर प्रत्येक बाजूला एक अशी दोनच गाणी मावत, आणि मराठी भावगीत वाढले ते त्याच तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम यांनी लिहिलेली, वसंत प्रभूंनी चाली लावलेली आणि लता मंगेशकरांनी गायलेली गाणी अशाच तबकड्यांवरून घरोघर पोचली. ठाण्याचे नगराध्यक्षपदही भूषवलेले सावळाराम २१ डिसेंबर १९९७ रोजी वारले. तोवर भावगीत म्हटले की आईवडिलांच्या पिढीचे, असा समज पक्का होत चालला होता. पुढच्याच वर्षी ‘गारवा’ आला आणि कॉलेजची मुले पुन्हा मराठी कविता ऐकू लागली.

‘गारवा’ हा सागरिका म्युझिकचा अल्बम. त्यातल्या पावसाच्या कविता सौमित्र म्हणजे किशोर कदम यांच्या. संगीत आणि गायन मिलिंद इंगळे यांचे. त्याची घडण त्या काळच्या पॉप अल्बमांपेक्षा अगदी वेगळी होती. कवी स्वतःच्या आवाजात ओळी वाचतो आणि त्या वाचनातूनच गाणे सुरू होते. नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्या तालमीत तयार झालेल्या नटाचा तो आवाज. शब्द रेटून न म्हणता तो मध्येच थांबतो, आणि ऐकणारा पुढच्या ओळीची वाट पाहतो. इंगळे यांच्या चाली कुणालाही गुणगुणता येतील इतक्या सरळ आहेत, पण उथळ नाहीत. मुलांनी गाण्यांइतकेच ते वाचनही पाठ केले, थांबण्याच्या जागांसकट. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, पावसाळी सहलीच्या बसमध्ये कुणीतरी ते म्हणून दाखवणार, हे ठरलेलेच. मुळात पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले की या पट्ट्याचे सगळे वेळापत्रक कोलमडते. इथल्या माणसाला पाऊस म्हणजे खोळंबा. त्याच पावसाकडे हा अल्बम त्याला दुसऱ्या नजरेने पाहायला लावतो. क्रमवारीत न बसणाऱ्या या अल्बमला या पट्ट्यापुरता त्या वर्षीचा पहिला मान द्यावा, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

खाजगी मराठी वाहिनी तेव्हा एकही नव्हती. टीव्हीवर मराठी म्हणजे दूरदर्शनच. एफएमवर खाजगी कंपन्यांना विकलेले तास होते, तेही जून १९९८ मध्ये बंद झाले. हिंदी पॉपला एमटीव्ही, चॅनल व्ही आणि केबलवाल्याचा स्वतःचा व्हिडिओ चॅनल होता. मराठी गाणे पसरले ते कॅसेटवरून कॅसेटवर.

या ‘कॅसेट भरून घेण्याचा’ इथे उल्लेख हवाच. स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांतून रेकॉर्डिंगची छोटी दुकाने असत. गिऱ्हाइकाने वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि कोरी सी-६० किंवा सी-९० निवडायची. सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणून दुकानदार मिनिटांची बेरीज करून गाणी मागेपुढे करी. नाहीतर ए बाजूचे शेवटचे गाणे मध्येच तुटे. आतल्या पुठ्ठ्यावर नावे त्याच्याच अक्षरात. कायद्याच्या दृष्टीने हे बेकायदाच होते आणि गायक-संगीतकारांच्या हक्काचा पैसा त्यात बुडाला, हे खरे. पण कोणते गाणे सुटे मागितले जाते, हे त्या वर्षी त्या दुकानदाराइतके दुसऱ्या कुणाला कळत नसेल.

हिंदी-पंजाबी पॉपचे ते भराचे वर्ष होते. दलेर मेहंदीचे ‘तुनक तुनक तुन’, युफोरियाचा ‘धूम’, सिल्क रूटचे ‘डूबा डूबा’, लकी अलीचा ‘सिफर’, गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांचे ‘ओ मेरी मुन्नी’ ही सगळी १९९८ ची. त्यांत शंकर महादेवन यांच्या ‘ब्रेथलेस’शी ठाणे जिल्ह्याचे नाते जवळचे. महादेवन नेरुळच्या रामराव आदिक इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिकलेले अभियंते. गाण्यात संगीतकार श्रीनिवास खळे हे त्यांचे एक गुरू. मध्ये श्वास घेतल्याचे कळू न देता गाणे सलग पुढे जाते, याचे कौतुक घरोघर झाले आणि मुलांनी ते म्हणून पाहताना दम लागेपर्यंत पैजा लावल्या. तरी दाद द्यायची ती त्यातल्या सुरांच्या नेमकेपणाला. खळ्यांच्या अवघड चाली ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हा नेमकेपणा ओळखीचा वाटेल.

सप्टेंबरच्या शेवटी नवरात्र आले आणि फाल्गुनी पाठक यांचे ‘याद पिया की आने लगी’ मैदानांत पोचले. ठाण्याचा टेंभी नाका, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरची जत्रा, डोंबिवलीतल्या सोसायट्यांची आवारे यांमुळे हे नऊ दिवस इथे आधीपासूनच मोठे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. तोवर गरबा मध्यरात्र उलटली तरी चाले. दिवाळीला ‘कुछ कुछ होता है’ आला. त्याआधी, गणपतीच्या दिवसांत, ‘दिल से’मधल्या सुखविंदर सिंग आणि सपना अवस्थी यांच्या ‘छैया छैया’ने मंडप दणाणले होते. चित्रपटगीतांपुढे पॉपचा वाटा तसा लहानच.

आणखी एक मोठा प्रवाह कुठल्याच काउंटडाउनमध्ये कधी दिसला नाही. आगरी-कोळी हळदीत बेंजो पार्टी वाजवी ती वेसावकर आणि मंडळींची कोळीगीते. चौदा एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, वस्त्यावस्त्यांत लागत त्या प्रल्हाद, आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या कॅसेटी. ही गाणी वर्षानुवर्षे टिकली. वर्षाच्या याद्या करणाऱ्यांनी त्यांना पॉप मानले नाही, हा त्या याद्यांचा दोष आहे.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली आणि मराठी अल्बमच्या व्हिडिओला हक्काची जागा मिळाली. मुंबईत खाजगी एफएम केंद्रे २००२ मध्ये आली. वैशाली सामंत यांचे, अवधूत गुप्ते यांनी संगीत दिलेले ‘ऐका दाजिबा’ गाजले ते याच नव्या व्यवस्थेत, आणि तोपर्यंत रेकॉर्डिंगच्या दुकानांत सीडी ‘जाळून’ मिळू लागली होती.