अनुक्रमण, परिस्थितिवैज्ञानिक : पालघर–तारापूर परिसर

एका वनस्पतिसमूहाची जागा कालांतराने दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने घ्यावी, या क्रमबद्ध बदलास अनुक्रमण म्हणतात. नव्या गाळावर वा उघड्या खडकावर सुरू होणारे ते प्राथमिक. जेथे पूर्वीची माती, मुळे व बी शिल्लक असते तेथील दुय्यम. फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१६ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रत्येक हवामानास एकच चरम अवस्था असते व विस्कटलेले वन अखेर तिच्याकडे परतते. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये यास आक्षेप घेतला. पालघर परिसराचा इतिहास पाहता ग्लीसन यांचे म्हणणे अधिक पटते.

येथील डोंगरांवर आर्द्र पानझडी वने असून त्यांत साग प्रमुख आहे. वारली व इतर आदिवासी उतारावर फांद्या जाळून राखेत नाचणी, वरी पेरीत. या शेतीस दळी म्हणत. जमीन सोडली की प्रथम गवत येई, मग धायटी, कुडा यांसारखी गुरे सहसा न खाणारी झुडपे व त्यांच्या आडोशाने ऐन, साग यांची रोपे. १८६४ मध्ये मुंबई–बडोदे लोहमार्ग जोडला गेल्यावर येथील लाकूड आणि तबेल्यांसाठी गवत मुंबईस धाडणे सोपे झाले. १८७८ च्या वन अधिनियमानंतर दळीवरील निर्बंध वाढत गेले. परंतु दरवर्षी कापले व जाळले जाणारे गवताचे रान पहिल्याच पायरीवर अडून राहते. वनातही कुऱ्हाड व वणवा यांत सागाचे फावते, कारण तोडलेल्या बुंध्यास जोमदार फुटवे येतात आणि रोप जळाले तरी मुळापासून पुन्हा वाढते. म्हणून ज्यास नैसर्गिक सागवन म्हणतात, ते बऱ्याच अंशी माणसाने रोखून धरलेली मधली अवस्था होय. वनऱ्हासाचा सारा दोष दळीच्या माथी मारणे एकांगी ठरते.

किनाऱ्याकडे हाच क्रम भरतीच्या पाण्यावर अवलंबून असतो. खाडीच्या चिखलात प्रथम तिवराची झाडे येतात. त्यांची श्वसनमुळे गाळ अडवितात. गाळ उंचावला की जमिनीच्या बाजूस मेसवाकासारख्या वनस्पती वाढतात. भातासाठी वा मिठागरासाठी बांध घातला की हा क्रम थांबतो. बांध फुटून भरती आत शिरली, तर पाण्यावर तरंगत आलेल्या फळांपासून तिवर पुन्हा रुजू शकते.

तारापूर येथे १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरजवळ रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ती देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली. कुऱ्हाडीनंतर मुळे उरतात, बांधानंतर गाळ उरतो. सांडपाण्याने मात्र गाळाचेच रासायनिक स्वरूप पालटू शकते, आणि मग बी येऊनही ते रुजेलच असे नाही. उत्तरेकडील डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. तारापूर औद्योगिक क्षेत्र त्या तालुक्याबाहेर, पालघर तालुक्यात मोडते.