रमाबाईंचे दोन दुष्काळ

दुःख माणसाला देवाजवळ नेतं, असं आपण सहज बोलून जातो. कीर्तनात ऐकतो, चर्चमधल्या प्रवचनातही ऐकतो. पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना मात्र मी या वाक्याशी दरवेळी अडखळते. कारण दुःखानं आधी त्यांची श्रद्धा पार मोडली होती.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं, लेकीलाही शिकू दिलं. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचं. देवळांतून पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळानं त्यांना गाठलं. होतं-नव्हतं ते दानधर्मात गेलं. उपास झाले, अनुष्ठानं झाली. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. त्यात वडील गेले. जाण्यापूर्वी त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवलं. मागोमाग आई गेली. तिच्या तिरडीला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या स्वतः रमाबाई. खांदा पुरेना इतकी उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीची बाजू डोक्यावर घेतली. मग थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ती निजली. इतकं करूनही देव पावत नाही, हे पाहून त्यांचा व्रतवैकल्यांवरचा विश्वास उडाला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, त्या रमाबाई आतून रित्या झाल्या होत्या. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही पटकीनं गेले. पदरी वर्षाही न भरलेली मनोरमा.

आता कुणी म्हणेल, या आघातांनीच त्या ख्रिस्ती झाल्या. मला हे पटत नाही. लूकचं शुभवर्तमान त्यांनी सिलचरला पतीच्या पुस्तकांत पाहिलं, ते पती हयात असताना. आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या मनावर ठसलं ते निराळंच. वाट चुकलेल्या स्त्रियांना तिथल्या भगिनी मायेनं सांभाळत होत्या. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला दिली गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही धर्ममतांवरून त्या भगिनींशी वाद घालतच राहिल्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान डोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलं आहे.

या सापडण्याची परीक्षाही लगेच झाली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदासदन पुण्यात आलं होतं. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळवल्या जातात म्हणून ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही अंग काढून घेतलं आणि पालकांनी बऱ्याच मुली परत नेल्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घेता येतं, पण रमाबाई एकट्या पडल्या हे खरं.

आणि मग दुसरा दुष्काळ आला, १८९६-९७ चा. मध्य प्रांतातली हालहवाल ऐकून त्या निघाल्या. हाती पैसा जवळपास नव्हता. रस्त्याकडेची हाडं वर आलेली पोरं त्यांच्या ओळखीची होती. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी त्या स्वतः त्यांच्यातल्याच एक होत्या. गटागटानं त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. तेच ‘मुक्ती’. आज इतक्यांना जेवू घालायचं, उद्याचं काय, हा प्रश्न त्यांनी देवावर टाकला, आणि लगेच विहिरी, शेती, शाळा यांच्या मागे लागल्या.

देवावर भार टाकला म्हणून त्या सरकारपुढे मात्र गप्प बसल्या नाहीत. १८९७ मध्येच प्लेगच्या इस्पितळातल्या गैरकारभाराविषयी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून त्यांनी अधिकाऱ्यांना जाब विचारला. हा भाग अनेक भाविक चरित्रांत घाईनं उरकला जातो. मला तो फार मोलाचा वाटतो. वडिलांनी ज्या देवाच्या हाती सोपवलं, त्याचा शोध घेताना रमाबाईंनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. पहिल्या दुष्काळात त्यांना मोडणारी भूक तीच, तेवढीच होती. या वेळी तिच्यासमोर त्या भाकरी घेऊन उभ्या होत्या, एवढाच फरक.

उतारवयात ऐकू येणं अगदी कमी झालं होतं. तशातही हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करत होत्या. मुक्तीतल्या बायकाच खिळे जुळवत, छापत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. संस्थेचा सारा भार तिच्यावर सोपवायचा, असं ठरलं होतं. रमाबाई पुन्हा अनुवादाच्या कागदांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि केडगावच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.