हर्पीस झालाय, मग व्यायाम बंद करायचा का?

ही शंका तुमच्या मनात असेल, तर कुस्तीच्या इतिहासात तिचं उत्तर आहे.

1964 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पैलवानांमध्ये पसरलेल्या हर्पीसला ‘हर्पीस ग्लॅडिएटोरम’ हे नाव दिलं. 1989 मध्ये मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात 175 पैकी 60 मुलांना याची लागण झाली. तपासात दिसलं, की विषाणू पसरला तो मुख्यतः अंगाला अंग घासल्यामुळे. पुरळ आलेल्या मुलांना वेळीच बाजूला बसवलं नाही, हेही साथ वाढण्याचं एक कारण होतं. दोष व्यायामाचा नव्हता.

हा विषाणू मज्जातंतूंमध्ये दडून राहतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. म्हणून फोड असताना कुस्ती, कबड्डी, ज्यूदो थांबवा. फोडांवर पूर्ण खपली धरल्यावर डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा. टॉवेल स्वतःचाच वापरा. फोड जांघेत किंवा गुप्तांगावर असतील, तर सैल सुती कपडे घाला. ताप असेल तर विश्रांती घ्या. एरवी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात खुशाल चाला, घाटकोपरच्या जिममध्ये वजनं उचला.

फक्त फोड लपवून मॅटवर उतरू नका. तुमच्यासमोर कुणाचं तरी मूल उभं असतं.