टिमारूची सिरिंज

दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शन घेतलं आणि आराम पडला, की श्रेय जातं स्टेरॉइडला. ते रास्तच आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने आखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईंना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि काही दिवसांतच त्या चालू लागल्या. हेंच यांना १९५० साली नोबेल मिळालं. ती सुई मात्र स्नायूत दिलेली होती. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात सोडण्याची वाट दाखवली.

या वाटेत मोठा धोका होता. स्टेरॉइड सूज उतरवतं, तसा जंतूंना होणारा प्रतिकारही कमी करतं. सुईबरोबर जंतू आत गेले, तर सांध्यात पू होतो आणि कूर्चा झपाट्याने झिजते. त्या काळची सिरिंज काचेची. एक रुग्ण झाला की ती उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासायची, आणि पुन्हा तीच वापरायची. आपल्याकडच्या दवाखान्यांतही स्टोव्हवर खदखदणारा सिरिंजचा डबा कित्येकांनी पाहिला असेल. उकळणं घाईत उरकलं, की एकाचा आजार दुसऱ्याला.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या टिमारू गावातले कॉलिन मरडॉक हे औषधविक्रेते आणि जनावरांचे डॉक्टरही. एकाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये, म्हणून त्यांनी एकदा वापरून फेकून द्यायची प्लॅस्टिकची सिरिंज रचली आणि १९५६ साली तिचं पेटंट घेतलं. एकदाच वापरायच्या काचेच्या सिरिंजा अमेरिकेत त्याआधीच आल्या होत्या, प्लॅस्टिकवरही तिथे काम चालू होतं. तरी मरडॉक यांचं मोल त्याने कमी होत नाही. न्यूझीलंडच्या आरोग्य खात्याला मात्र ही कल्पना काळाच्या फार पुढची वाटली. पैशांअभावी काम काही वर्षं रखडलं. एवढ्या उपयोगी वस्तूला इतकं थांबावं लागलं, याची खंत वाटते.

वन्य प्राण्यांना लांबून गुंगीचं औषध टोचणारी बंदूकही त्यांचीच. २००० साली न्यूझीलंडने त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला. २००८ साली टिमारूतच ते वारले.

सांध्यात इंजेक्शन घ्यायची वेळ आली, तर सिरिंजचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यात संकोच करू नका.