जुनी तोटी काढतांना

राजूर महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे तें तेथील गणपतीमुळें. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील या गांवीं अंगारकीस भाविकांची रीघ लागते आणि शेंदूरचर्चित मूर्तीचें दर्शन घेऊन लोक परततात. हाच शेंदूर एखाद्या जुन्या घराच्या मोरींत, नळाच्या सांध्यांतहि सांपडूं शकतो, असें सांगितल्यास श्रोत्यांस नवल वाटेल.

भिंतीवरील पितळी तोटी गळूं लागली म्हणजे ती केव्हां तरी काढावी लागते. आधीं टांकीची चावी बंद करावी, एका पान्यानें भिंतीकडील नळ घट्ट धरावा आणि दुसऱ्यानें तोटी डावीकडे फिरवावी. नळ न धरतां जोर केला तर भिंतीच्या आंतील सांधा निखळतो आणि घटकेचें काम आठवड्याचें होतें. गंजामुळें ती हलत नसेल तर आट्यांवर थोडें घासलेट सोडून रात्रभर थांबावें. तोटी निघाली कीं आट्यांवर तागाचे धागे व लाल लुकण दिसतें. जवसाच्या तेलांत शेंदूर खलून सांधे बसविण्याची कारागिरांची जुनी रीत होती. परंतु हा शेंदूर शिशाचा, आणि शिसें विषारी. म्हणून तो लेप कोरडा खरवडूं नये, ओला करून पुसावा.

जमिनीखालून पाणी आणणें मराठवाड्यास नवें नव्हे. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें वसविलेल्या खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, त्यानें भूमिगत नहरीनें पाणी आणलें. जालन्यासहि मोती तलावाचें पाणी अशाच रीतीनें हौदांत येई. पण तें हौदांत पडे आणि घागरीनें भरलें जाई. बोटांच्या जोरानें अडणारें पाणी ही गोष्ट निराळी.

रोमन तोटींत भोंक पाडलेली खुंटी असे. पाव फेरा दिला कीं वाट मोकळी, उलट पाव फेरा दिला कीं बंद. बेतानें वाहणाऱ्या पाण्यास ती पुरे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें शहरांच्या नळांत मोठ्या दाबाचें पाणी खेळूं लागलें, तेव्हां खुंटी झटकन फिरतांच कोंडलेल्या पाण्याचा धक्का बसे आणि नळ फुटण्याची भीति असे. रॉदरहॅमच्या गेस्ट आणि क्राइम्स या कारखान्यानें १८४५ मध्यें मळसूत्री तोटीचें पेटंट घेतलें. तींत दांडी फिरत फिरत खालीं उतरते आणि चकती बैठकीवर हळूहळू दाबली जाते. मुंबईस विहार तलावाचें पाणी नळानें आलें तें १८६० मध्यें.

अशी तोटी फिरविण्यास बळ लागत नाहीं. लहान मुलाचीं बोटें पुरतात. तरीहि तीं बोटें कोणाचीं, हा प्रश्न होताच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, शाळेंत तहान लागल्यास इतर मुलें तोटी उघडून पाणी पीत. त्यांस मात्र तिला स्पर्श करण्याची मनाई होती. गुरुजींची परवानगी पुरत नसे. शिपायानें येऊन ती उघडावी लागे. शिपाई नसला कीं त्या दिवशीं पाणी नाहीं. घरांतली तोटी कोणाच्याहि हातानें उघडते, आणि बिघडली तर कोणाच्याहि हातानें निघते, हें सुख त्या काळीं सर्वांस नव्हतें.

चामड्याच्या चकतीच्या जागीं पुढें रबराची आली. पुष्कळदां तेवढीच बदलली कीं गळती थांबते व तोटी काढावीहि लागत नाहीं. २०१३ च्या दुष्काळांत जालना शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलें होतें. त्या दिवसांत दर थेंबाचा हिशेब घरोघर होई. बैठकच झिजली असेल तर मात्र नवी तोटी बसवावी. सांध्यास आतां शेंदूर लागत नाहीं, टेफ्लॉनची पांढरी फीत पुरते.