व्हिडिओसाठी लेन्स घेताय? आधी ऑटोफोकसची मोटर बघा

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड उत्सव असतो. गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरून शिवभक्त अकोट रस्त्याने पायी अकोल्यात येतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. काही वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने पहिल्यांदा कावडीला खांदा दिला. मी नवाच कॅमेरा घेतला होता आणि त्यावर जुनी, सेकंडहँड ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावून उभा होतो. भाऊ समोरून आला आणि फोकस गेला मागच्या ढोलावर. मग पुढे, मग परत मागे. आठ सेकंदांत तो माझ्या बाजूने निघून गेला. घरी व्हिडिओ बघून मामा म्हणाले, "काहून रे, पोट्टं कुठी हाय? मले तं ढोलच दिसते."

त्याच लेन्सने काढलेले फोटो मात्र झकास होते. म्हणजे लेन्स वाईट नव्हती, मी ती चुकीच्या कामाला लावली होती. फोटोसाठी चांगली लेन्स आणि व्हिडिओ ऑटोफोकससाठी चांगली लेन्स या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मोबाईलवरून पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे वळणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात, म्हणून हा लेख.

मोबाईलमध्ये हा त्रास का होत नाही?

मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लांबी जेमतेम ५ ते ७ मिमी असते आणि सेन्सर छोटा असतो. त्यामुळे दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला तरी त्याच्या पुढचं-मागचं बरंच काही आपोआप स्पष्ट दिसतं. फोकस थोडा चुकला तरी कळत नाही. शिवाय फोनला हलवायची असते ती इवलीशी लेन्स.

मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात गणित बदलतं. एपीएस-सी सेन्सर धरा आणि माणूस ३ मीटरवर आहे असं समजा:

- ५० मिमी, एफ/१.८: स्पष्ट पट्टा सुमारे २६ सेंटिमीटर
- ५० मिमी, एफ/४: सुमारे ५८ सेंटिमीटर
- १८ मिमी, एफ/४: साधारण १.७ मीटरपासून ११ मीटरच्या पुढपर्यंत

आता चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर पुढे येतो. म्हणजे २६ सेंटिमीटरचा पट्टा तो ०.२ सेकंदात ओलांडतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हे फक्त पाच फ्रेम झाले! तेवढ्यात लेन्सने त्याच्यामागे सरकायला हवं, तेही सतत आणि आवाज न करता. माझ्या लेन्सला तेच जमलं नाही.

आधी कॅमेरा तपासा

लेन्सच्या आधी तुमचा कॅमेरा व्हिडिओत फोकस कसा शोधतो ते बघा.

कॉन्ट्रास्ट पद्धतीत कॅमेरा लेन्स हलवतो आणि चित्र कुठे सगळ्यात ठसठशीत दिसतं ते बघतो. सर्वोत्तम जागा ओलांडल्याशिवाय ती सर्वोत्तम होती हे त्याला कळत नाही, म्हणून तो पुढे जाऊन मागे येतो. स्क्रीनवर चित्र धूसर-स्पष्ट-धूसर होतं ते यामुळे. याला 'हंटिंग' म्हणतात. फेज पद्धतीत मात्र फोकस कोणत्या दिशेला आणि किती चुकलाय हे आधीच कळतं, त्यामुळे लेन्स सरळ तिथे जाते.

डीएसएलआरमध्ये एक फसगत असते. डोळा लावून फोटो काढताना आरशामागचा वेगळा फेज सेन्सर काम करतो, त्यामुळे फोकस पटकन लागतो. व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो आणि तो सेन्सर कामातून जातो. मग मुख्य सेन्सरवर काय आहे, यावरच सगळं अवलंबून. कॅननने २०१३ मध्ये ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आणला तो यासाठीच. २००डी मध्ये तो आहे, १५००डी मध्ये नाही. निकॉन डी५६०० व्हिडिओत कॉन्ट्रास्ट पद्धतच वापरतो. अशा कॅमेऱ्यावर कितीही महाग लेन्स लावली तरी हंटिंग पूर्ण जाणार नाही. सोनी झेडव्ही-ई१० सारख्या मिररलेस कॅमेऱ्यांत फेज ऑटोफोकस सेन्सरवरच असतो.

मग लेन्सची मोटर

फोकस कुठे न्यायचा हे कॅमेरा सांगतो, नेऊन पोचवते मोटर. ढोबळमानाने चार प्रकार:

१. डीसी मोटर आणि गिअर: स्वस्त आणि जुन्या लेन्समध्ये. आवाज येतो, हालचाल झटक्याची. फोटोला चालते, व्हिडिओला नको.

२. रिंग अल्ट्रासॉनिक: फोटोसाठी अतिशय वेगवान. पण ती एका उडीत टोक गाठायला बनवलेली आहे. व्हिडिओत हळूहळू सरकायचं काम तिला तितकं जमत नाही.

३. स्टेपिंग मोटर: छोट्या-छोट्या पावलांनी सरकते. गुळगुळीत आणि बहुतेक वेळा शांत. कमी बजेटमध्ये व्हिडिओसाठी हीच शोधा.

४. लिनिअर मोटर: वेगवान, शांत आणि अचूक. किंमत सहसा जास्त.

लेन्सच्या नावात काय वाचायचं?

- कॅनन: 'एसटीएम' म्हणजे स्टेपिंग. २०१२ पासूनच्या लेन्समध्ये दिसतं. त्यातही फरक आहे: १८-५५ आणि १८-१३५ एसटीएम शांत आहेत, ५० मिमी एफ/१.८ एसटीएममध्ये गिअर असल्याने कॅमेऱ्याच्या माईकमध्ये थोडी कुरकुर येते. नुसतं 'यूएसएम' लिहिलं असेल तर ती रिंग आहे की नॅनो ते माहितीपत्रकात बघा. नॅनो यूएसएम व्हिडिओला छान.
- निकॉन डीएसएलआर: 'एएफ-पी' म्हणजे स्टेपिंग, पण डी९०, डी३१०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. 'एएफ-डी' लेन्समध्ये मोटरच नसते. डी३५०० किंवा डी५६०० वर ती लावली तर फोकस हातानेच करावा लागेल. सेकंडहँड घेताना इथे सांभाळा.
- सोनी: नावावरून मोटर कळत नाही. उदाहरणार्थ, एफई ५० मिमी एफ/१.८ मध्ये डीसी मोटर आहे, तर एफई ८५ मिमी एफ/१.८ मध्ये लिनिअर. म्हणून माहितीपत्रक वाचाच.
- फुजीफिल्म: 'एलएम' म्हणजे लिनिअर मोटर.
- टॅमरॉन: 'आरएक्सडी' स्टेपिंग, 'व्हीएक्सडी' लिनिअर.

आणखी एक गोष्ट बघा: फोकस ब्रीदिंग. फोकस जवळून लांब जाताना काही लेन्समध्ये चित्र किंचित झूम झाल्यासारखं हलतं. फोटोत कधीच कळत नाही, व्हिडिओत खटकतं.

तुम्ही नक्की काय शूट करता?

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचं. तिथला मल्लखांब शूट करायचा म्हटला तर खांब जमिनीत पक्का रोवलेला असतो आणि खेळाडू त्याच्यापासून फार लांब जात नाही. इथे ऑटोफोकसची फारशी गरजच नाही. थोडं लांब उभं राहा, खांबावर फोकस करा, लेन्स एमएफवर टाका आणि एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवा. जुनी स्वस्त लेन्सही हे काम मस्त करेल.

कावड याच्या अगदी उलट. माणसं थेट तुमच्याकडे येतात, मधूनच कोणी आडवं जातं, मागे ढोल-झेंडे. इथे फेज ऑटोफोकस आणि स्टेपिंग किंवा लिनिअर मोटर लागतेच. त्यातही १८ ते ३५ मिमीची बाजू वापरा, एफ/४ च्या आसपास राहा, कंटिन्युअस ऑटोफोकस आणि फेस ट्रॅकिंग चालू ठेवा. कॅमेऱ्यात सोय असेल तर फोकसची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे कोणी आडवं गेलं तरी तो लगेच त्याच्यावर उडी मारणार नाही. रात्री प्रकाश कमी असेल तर एफ/२.८ पर्यंत या आणि अंतर वाढवा. शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुक टळते.

लग्न या दोघांच्या मधलं. वरमाला एका जागी होते, पण वरात चालत येते.

दुकानात पाच मिनिटांची परीक्षा

स्वतःचा कॅमेरा आणि मेमरी कार्ड घेऊन जा. लेन्स लावून व्हिडिओ सुरू करा आणि:

१. लेन्ससमोर हात धरा, मग काढा. मागच्या कपाटावर फोकस एका दमात जातो की मागे-पुढे करतो?
२. मित्राला तुमच्याकडे चालत यायला सांगा. चेहरा शेवटपर्यंत स्पष्ट राहतो का?
३. रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐका. मोटरचा आवाज येतो का?
४. फोकस बदलताना चौकट हलते का?
५. दुकानाबाहेर, कमी उजेडात हेच परत करा.

दुकानदार नाही म्हणाला तर ओळखीच्या फोटोग्राफरकडून एक दिवसासाठी लेन्स मागून बघा. न तपासता घेऊ नका.

थोडक्यात क्रम असा: कॅमेऱ्याच्या सेन्सरवर फेज ऑटोफोकस आहे का, लेन्सची मोटर कोणती, तुमच्या शूटला कोणती फोकल लांबी लागते, आणि सगळ्यात शेवटी एफ/१.८ की एफ/४. मी हा क्रम उलटा केला होता.

पुढच्या श्रावणात मी साधी १८-५५ स्टेपिंग मोटरवाली लेन्स घेऊन गेलो. भाऊ समोरून आला आणि शेवटपर्यंत फोकसमध्ये राहिला. मामांच्या फोनमध्ये आता तो व्हिडिओ आहे. पहिल्या वर्षीचा मात्र नाही, आणि तो परत मिळणारही नाही.